सरावलेले हात



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. म्हणून विषय विचारला गेला तेव्हा मी साहित्य, संस्कृती असल्या वाटेला गेलो नाही. इंधन, आग आणि बंदूक यांच्या आसपास माणसं ज्या चुका करतात त्यांविषयी बोलतो, म्हणालो. एक कार्यकर्ते जरा खट्टू झाले. "म्हणजे सुरक्षा सप्ताहातलं भाषण का?" असं त्यांनी विचारलं. त्यांची भीती रास्त होती. त्या भाषणांत काय करावं आणि काय करू नये याची यादी असते, आणि ती यादी इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नये, हे या सभागृहात कोणाला ठाऊक नाही? तरी रात्री अकराला स्वयंपाकघरातून वास आला की हात आधी कुठे जातो? बटणाकडे. मला त्या हाताविषयी बोलायचं आहे.

कारखान्यांच्या सुरक्षेच्या कामात माझी सारी नोकरी झाली. अपघात झाला की चौकशीला बसलेल्यांपैकी कोणीतरी हमखास विचारी, "याला माहीत नव्हतं का?" आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असे: माहीत होतं, चांगलं माहीत होतं, दुसऱ्यांना शिकवण्याइतकं माहीत होतं. नवा आलेला पोरगा क्वचित सापडे. तो घाबरत घाबरत काम करतो, दहादा विचारतो, वरिष्ठांच्या शिव्या खातो आणि संध्याकाळी धडपणे घरी जातो. भाजतो तो जुना, सरावलेला मिस्त्री. त्याने तीच चूक शेकडो वेळा केलेली असते आणि शेकडो वेळा काहीही झालेलं नसतं. आगीची ही मोठी लबाडी आहे. ती प्रत्येक चुकीला शिक्षा देत नाही. दरवेळी चटका बसला असता तर माणूस एका दिवसात शहाणा झाला असता. ती सोडून देते, पुन्हा सोडून देते, आणि दर सुटकेबरोबर माणसाला वाटू लागतं की नियम भित्र्यांसाठी आहेत, आपल्याला हे काम जमतं.

एप्रिल महिना आहे, तेव्हा मुंबईच्या गोदीपासून सुरुवात करतो. 14 एप्रिल ही तारीख आपल्याला बाबासाहेबांच्या जयंतीमुळे माहीत. देशभरातली अग्निशमन दलं तोच दिवस कर्तव्यावर प्राण गमावलेल्या आपल्या जवानांच्या आठवणीसाठी पाळतात, आणि तिथून पुढचे दिवस अग्निशमन सेवा सप्ताह असतो. 1944 साली त्या दिवशी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे मालवाहू जहाज फुटलं. त्या स्फोटाच्या गोष्टी मुंबईच्या जुन्या घरांतून अजून सांगितल्या जातात. त्यांतली सोन्याच्या विटेची गोष्ट सगळ्यांना आठवते, धुराची कोणाला आठवत नाही. मी धुराची सांगणार आहे.

जहाज 24 फेब्रुवारीला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं. भूमध्य समुद्र आणि सुएझमार्गे कराचीला आलं, आणि 12 एप्रिलला मुंबईच्या धक्क्याला लागलं. त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं होती: टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. शिवाय खोक्यांत भरलेली लढाऊ विमानं आणि सोन्याच्या लगडी. कराचीत काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, वंगणतेलाची पिंपं, लाकूड आणि भंगार भरलं गेलं. युद्धामुळे वाहतुकीची ओढाताण होती, जहाजातली जागा रिकामी नेणं परवडत नव्हतं. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांना हे मिश्रण मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी नाराजी नोंदवली आणि जहाज हाकारलं.

दोन नंबरच्या कोठारात खाली कापूस होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं. कोणत्याही गावच्या फटाकेवाल्याला विचारलं असतं तर त्याने अशी मांडणी करायला नकार दिला असता. ती करणारे अडाणी नव्हते, व्यवसायात मुरलेले होते. शांततेच्या काळात दारूगोळ्याचं जहाज गोदीत आणायचं नाही, बाहेर खाडीत उभं करून माल होड्यांत उतरवायचा, असा शिरस्ता होता. युद्धाच्या घाईत तो बाजूला पडला. धोकादायक माल असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. तोही नव्हता. दारूगोळा गोदीत नित्याचा झाला होता, आणि नित्याच्या गोष्टीला बावटा लावायचं कोणाच्या मनात येत नाही.

14 तारखेला दुपारी साडेबाराला कामगार जेवायला उतरले. त्या तासाभरात आसपासच्या जहाजांवरच्या माणसांना फोर्ट स्टिकीनच्या वायुनळातून धूर येताना दिसला. त्यांनी पाहिलं, पण खुद्द त्या जहाजावर कोणाची धावपळ दिसेना, तेव्हा त्यांना वाटलं की त्यात काळजीचं काही नसावं. असेल तर त्यांना ठाऊक असेलच. ओरडून विचारायला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं. माझ्या मते त्या दुपारची सगळ्यात महाग चूक ही, आणि ती कुठल्याही आरोपपत्रात बसत नाही. दुसऱ्याच्या घरातून धूर येतो आहे आणि तो शांत आहे, मग आपण कशाला मध्ये पडा? हा सभ्यपणा आपण सगळेच पाळतो.

दीड-दोनच्या सुमारास बोंब झाली. बंब आले, नळ्या कोठारात सोडल्या. दोन तासांत 900 टनांहून अधिक पाणी आत गेलं, पण आग नेमकी कुठे आहे हे धुरापायी दिसेना. जहाजाच्या अंगावरचा रंग एका जागी फुगून आला, तेव्हा अंदाज आला. तिथे पोलादी पत्रा कापून आत थेट पाणी मारावं म्हणून कापणीचं यंत्र मागवलं, ते चाललं नाही. दरम्यान कोठारातलं पाणी चढत होतं, आणि पेटलेला कापूस पाण्यावर तरंगत स्फोटकांच्या दिशेने वर सरकत होता. विझवणाऱ्यांचंच पाणी आगीला शिडी देत होतं.

या दोन तासांत धक्क्यावर जे चाललं होतं ते वाचताना मला कारखान्यातल्या कितीतरी बैठका आठवतात. जहाजाचा कप्तान हजर, अग्निशमन दलाचे प्रमुख हजर, गोदीचे अधिकारी हजर, लष्कराचा दारूगोळ्याचा जाणकार अधिकारीही आला. तो म्हणाला, जहाज बुडवा. पण धक्क्याजवळ पाणी इतकं उथळ की जहाज पुरतं बुडणारच नाही. कोणाच्या मनात जहाज ओढून बाहेर न्यावं असं होतं. कोणाला वाटत होतं की आग आटोक्यात येते आहे. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या त्याच्या जागी अगदी योग्य होतं. फक्त या सगळ्यांच्या वर उभं राहून "असं करा" असा हुकूम देणारा कोणी नव्हता. पुढे झालेल्या चौकशीत याच गोष्टीवर बोट ठेवलं गेलं.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, चार चौतीसला दुसरा, अधिक मोठा. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकाने दोन्हींची नोंद केली. 'जलपद्मा' नावाचं जहाज उचललं जाऊन त्याचा मागचा भाग गोदीतल्या शेडच्या छपरावर टेकला. जळत्या कापसाच्या गाठी आकाशातून मांडवी, मशीद बंदर या बाजूच्या दाट वस्तीवर पडल्या. मेलेल्यांचे अंदाज 800 पासून 1,300 पर्यंत आहेत. सुमारे 80,000 माणसं बेघर झाली. अग्निशमन दलाचे 66 जण एका दुपारी गेले. कप्तान नेस्मिथही वाचले नाहीत. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि गोदी मोकळी करायला सुमारे 8,000 माणसं सात महिने राबली. बाहेरच्या जगाला बातमी पहिल्यांदा दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांवर युद्धाची सेन्सॉरशिप होती. सोन्याची एक वीट दीडएक किलोमीटर उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली, त्यांनी ती परत केली. ही तीच गोष्ट, सगळ्यांना आठवणारी.

आग लागली कशाने? चौकशीचा कल असा की कोण्या कामगाराच्या सिगारेटने कापूस पेटला असावा. शक्य आहे. गोदीत ओढायला बंदी होती आणि लोक ओढत होते, हेही खरं. पण त्या कामगारावर बिल फाडून मोकळं होणं मला कधीच पटलेलं नाही. सिगारेट पडली नसती तर वायरची ठिणगी पडली असती, नाहीतर क्रेनच्या साखळीची. ज्या व्यवस्थेत कापसाच्या डोक्यावर टॉर्पेडो ठेवायला सगळे तयार होतात, ती सिगारेटचीच वाट पाहत बसलेली असते.

आता गोदीतून आपल्या गल्लीत येऊ.

रस्त्याच्या कडेला वेल्डिंगची दुकानं असतात. तिथे जुने ड्रम कापून पाण्याच्या टाक्या, शेगड्या, कचऱ्याचे डबे करतात. ड्रममध्ये आधी काय होतं याची चौकशी होत नाही. फार तर तो उपडा करून पाहतात, थेंब पडला नाही की रिकामा. सगळ्यांत जास्त फुटतो तो हाच. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. आणि तीही हवेत एका ठरावीक प्रमाणात मिसळली तर, साधारण 100 भागांत दीड ते साडेसात भाग. गच्च भरलेल्या ड्रममध्ये हवेला जागाच नसते. तळाशी वाटीभर उरलेल्या ड्रममध्ये हवा आणि वाफ दोन्ही भरपूर, आणि त्यात वेल्डरची ज्योत. डिझेलचा ड्रम तुलनेने थंड डोक्याचा समजतात, पण पत्रा तापला की आतला चिकट थरही वाफ सोडतो. मी एका मिस्त्रीला हे समजावत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, मी असे किती कापले असतील, मोजले नाहीत." तो खोटं बोलत नव्हता. त्याचा अनुभवच त्याचा शत्रू झाला होता आणि माझ्याकडे त्या अनुभवाला तोडीस तोड असं काही नव्हतं, नुसतं पुस्तक होतं.

मोठ्या कारखान्यांत ज्योतीचं काम करायला लेखी परवानगी लागते. 'हॉट वर्क परमिट' म्हणतात. कल्पना उत्तम आहे: ज्याची सही आहे त्याने जागेवर जाऊन पाहायचं, आसपास इंधन नाही, अग्निशामक जवळ आहे, माणूस उभा आहे, आणि मगच सही करायची. मी अशी कार्यालयं पाहिली आहेत जिथे सोमवारी सकाळी चहाबरोबर आठवडाभराच्या परमिटांवर सह्या होत. कागद पूर्ण, फाईल पूर्ण. राजकोटला 2024 च्या मे महिन्यात खेळघराला आग लागून 27 माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. तिथे वेल्डिंग चालू होतं आणि त्याच आवारात पेट्रोल-डिझेलचा साठा होता. वाचून मला नवल वाटलं नाही, संताप आला.

पेट्रोलच्या वाफेबद्दल आणखी एक. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, जमिनीवरून ओहोळासारखी सरपटत जाते आणि वीस-पंचवीस पावलांवरच्या विस्तवापाशी जाऊन पेट घेऊन परत येते. माणूस म्हणतो, मी तर लांब बसून बिडी ओढत होतो. 25 जून 2017 ला पाकिस्तानातल्या बहावलपूर जिल्ह्यात अहमदपूर शर्कियाजवळ महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटला. दुसऱ्या दिवशी ईद होती. आसपासच्या गावांतली माणसं बादल्या, बाटल्या, हंडे घेऊन धावली. भडका उडाला आणि 200 हून अधिक माणसं गेली. आपल्या महामार्गांवर टँकर उलटतो तेव्हाही हेच दृश्य दिसतं. ते टीव्हीवर पाहून "लोकांना अक्कल नाही" म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. ज्याच्या घरी महिन्याच्या शेवटी पैसे संपतात, त्याला रस्त्यावर वाहणारं पेट्रोल म्हणजे वाहून चाललेली मजुरी दिसते. त्याला धोका समजत नाही असं नाही, तो हिशेब करतो. हिशेबातला एक आकडा त्याला कोणी दिलेला नसतो, की ज्वाळेला माणूस पळून मागे टाकू शकत नाही.

बंदुकीकडे येतो. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बंदुका कितीशा. शहरात कमी. पण कोकणात, घाटमाथ्यावर, विदर्भात जंगलालगतच्या गावांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक अजून दिसते. रानडुकरं आणि वानरं पीक ठेवत नाहीत म्हणून ती घेतलेली. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत मिळते. काही ठिकाणी जुनी ठासणीची बंदूक आहे. तिच्यात दारू ठासलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि ठासलेला बार काढून घेण्याचा कंटाळा येतो, म्हणून ती तशीच कोनाड्यात उभी राहते. मग पावसाळ्यानंतर कोणी ती पुसायला घेतो.

घरात बंदुकीने होणाऱ्या अपघातांच्या जबाबांत एक वाक्य ठरलेलं असतं: "मला वाटलं ती रिकामी आहे." वेल्डरच्या ड्रमसारखंच. पिस्तुलाचं मॅगझिन काढून घेतलं की माणसाला ते रिकामं वाटतं, पण एक काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी बसलेलं असू शकतं, आणि मॅगझिन हातात असताना चाप ओढला तर ते सुटतं. म्हणून जगभर नेमबाजी शिकवताना पहिला धडा एकच देतात: हातात आलेली प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, आत्ता स्वतःच्या डोळ्यांनी रिकामी पाहिली असली तरी. नवख्याला हे हास्यास्पद वाटतं. पण हा नियम माहितीवर विसंबत नाही, सवयीवर विसंबतो, आणि म्हणून टिकतो. दुसरा धडा, ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. तिसरा, नेम धरल्याखेरीज बोट चापावर न्यायचं नाही. चौथा, कशावर झाडतो आहे आणि त्याच्यामागे काय आहे हे पाहायचं. एकाहून अधिक नियम एकाच वेळी मोडल्याशिवाय सहसा माणूस मरत नाही. एखादा मोडून काही होत नाही, म्हणून तर तो मोडला जातो.

चौथ्याविषयी सांगतो. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले, अंधारात झाडीत हालचाल दिसली, गोळी सुटली, आणि सोबतचाच एक माणूस गेला. शिकार बेकायदा, म्हणून झालेलं लपवण्याची धडपड आणि मग पोलीस. अशी बातमी दर एक-दोन वर्षांनी कुठल्यातरी जिल्ह्यातून येते. अंधारात डोळ्याला जे हवं तेच दिसतं. रात्रभर डुकराची वाट पाहणाऱ्याला झुडपात हललेलं प्रत्येक पान डुक्कर असतं.

उत्तरेत लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याची हौस आहे. ही हौस इतके जीव घेऊ लागली की 2019 मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवावी लागली. वर गेलेली गोळी खाली येते हे शाळेतल्या मुलालाही सांगावं लागत नाही. गुरुजी असते तर एवढ्यावरून सगळ्या वऱ्हाडाला बाकावर उभं केलं असतं. आणि 2024 च्या ऑक्टोबरात मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी लागली, ते ठेवताना हातून निसटलं होतं. लोकांनी त्यावर विनोद केले. मी ते विनोद ऐकले आणि मनात म्हटलं, हसणाऱ्यांपैकी कितीजणांच्या घरात गॅसच्या नळीची तारीख कोणी पाहिली असेल?

पाहा एकदा. नारिंगी रंगाची जी नळी असते ती पाच वर्षांनी बदलायची असते. सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे लिहिलेले असतात: ए, बी, सी, डी या क्रमाने इंग्रजी अक्षर वर्षाची तिमाही सांगतं, आकडे साल. त्या मुदतीला सिलिंडर तपासणीला जायला हवा. त्याची टाकी फुटून अपघात होणं दुर्मीळ आहे, नळी आणि रेग्युलेटर यांच्याकडून होणं नेहमीचं. आतला गॅस द्रवरूपात असतो, बाहेर पडला की सुमारे अडीचशे पट पसरतो, हवेपेक्षा जड असल्याने ओट्याखाली, फरशीवर साठतो. म्हणून वास आला तर खालची दारं उघडायची. वरची खिडकी उघडून पुरत नाही. आणि कोणी उभं राहून वास घेत असताना त्याच्या पायाशी जास्त गॅस असतो.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, ती विषयाबाहेरची वाटेल. माझ्या तरुणपणी वर्तमानपत्रात आठवड्याला एखादी तरी बातमी असे: 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. पंपाचा रॉकेल स्टोव्ह खरोखर धोकादायक होता. पिन मारताना, पंप जास्त झाला की भडका उडे. पण भडका नेहमी सुनेच्याच अंगावर कसा उडे, सासूच्या, दिराच्या अंगावर कसा उडत नसे, असं बायकांनी विचारायला सुरुवात केली. त्या प्रश्नातून, त्या मोर्चांतून पुढे कायदा बदलला. लग्नाला सात वर्षं होण्याच्या आत जळून किंवा इतर अनैसर्गिक रीतीने सून गेली आणि आधी हुंड्यासाठी छळ झाला असेल तर हुंडाबळी मानायचं, अशी 304-ब कलमाची तरतूद 1986 मध्ये झाली. निष्काळजीपणाचा अभ्यास करणाऱ्याने हे विसरू नये. 'अपघात' हा शिक्का मारला की चौकशी थांबते, आणि कितीतरी ठिकाणी शिक्का मारणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. कारखान्यातही मी हे पाहिलं. 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं की व्यवस्थापनाची फाईल बंद.

मग करायचं काय? माणसाला सावध राहा म्हणून सांगण्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. सावधपणा आठवडाभर टिकतो. टिकते ती व्यवस्था, जी सावध नसलेल्या माणसालाही सांभाळून घेते. गॅसचा वास हेच बघा. तो वास गॅसचा नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो, त्यात मर्कॅप्टन नावाचं गंधकयुक्त रसायन मुद्दाम अत्यल्प प्रमाणात घालतात. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये न्यू लंडन नावाचं गाव आहे, तेलाच्या विहिरींमुळे पैसेवालं. तिथल्या शाळेने खर्च वाचवण्यासाठी तेल कंपनीच्या नळातला टाकाऊ नैसर्गिक वायू घेतला होता. त्याला वास नव्हता. इमारतीखालच्या पोकळीत तो साठत राहिला आणि 18 मार्च 1937 ला कार्यशाळेतल्या घासकामाच्या विजेच्या यंत्राची ठिणगी पडली. जवळजवळ तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. पुढे काही आठवड्यांत टेक्सासने वायूत वास घालण्याची सक्ती केली, आणि ती प्रथा जगभर गेली. आपल्या घरातल्या वासामागे ती शाळा आहे.

पण व्यवस्थेवरही फार हुरळून जायला नको. सर हम्फ्री डेव्ही यांनी 1815 मध्ये कोळशाच्या खाणीसाठी जाळीचा सुरक्षित दिवा केला. त्यामुळे मृत्यू कमी व्हायला हवे होते. झालं असं की दिवा आहे म्हणून मालकांनी आधी बंद असलेले, वायूने भरलेले थर उघडले, आणि खाणीतले स्फोट थांबले नाहीत. माणसाला जेवढी सुरक्षितता द्यावी तेवढी तो खर्चून टाकतो. आणि त्या मर्कॅप्टनचंही तसंच आहे: थोडा थोडा वास सतत येत राहिला तर नाक त्याला सरावतं आणि मग तो येईनासा होतो. घरातल्या माणसाला वास येत नाही, दारात आलेल्या पाहुण्याला येतो. तेव्हा पाहुणा म्हणाला की गॅसचा वास येतोय, तर त्याच्याशी वाद घालू नका.

आता शेवटचा मुद्दा. 2006 च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. कितीतरी सोसायट्यांत ते वेळेवर दिलं जातं आणि तळघरातला पंप 'बंद' वर असतो, कारण एकदा रात्री उगीच सुरू झाला होता आणि तेव्हापासून वॉचमनने तो फिरवून ठेवला आहे. चेअरमनना ठाऊक आहे, सेक्रेटरींना ठाऊक आहे, वॉचमनला तर आहेच. हे तिघं म्हणजे शेजारच्या जहाजांवरची माणसं. 1997 च्या जूनमध्ये दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 माणसं गेली, ती बहुतेक धुराने. बाल्कनीतून बाहेर पडायच्या वाटा जादा खुर्च्या आणि कुलपांनी अडल्या होत्या. त्या खुर्च्यांवर कितीतरी आठवडे प्रेक्षक बसून गेले असतील, आणि दाराची कडी कितीतरी जणांनी पाहिली असेल.

मी आज साडेपाचला इथे पोहोचलो तेव्हा या सभागृहाचं उजवीकडचं दार ढकलून पाहिलं. त्याला बाहेरून कुलूप आहे. मी व्यवस्थापकांना सांगितलं. ते म्हणाले, चावी ज्यांच्याकडे असते ते आज रजेवर आहेत, त्यांच्या घरी माणूस पाठवला आहे. तो अजून आलेला दिसत नाही. प्रश्नोत्तरं त्यामुळे जरा आवरती घेऊ. डावीकडच्या रांगांनी आधी निघावं, आणि ज्यांना विचारायचं आहे त्यांनी बाहेर व्हरांड्यात यावं, मी तिथे थांबतो.